काकी, ती कीड नव्हतीच

प्रिय काकी,

मुरबाडच्या एसटी स्टँडवर बसून लिहितोय. टोकावड्याची गाडी आलेली नाही, आणि अर्धं तोंड बधिर असल्यामुळे कोणाशी धड बोलताही येत नाही. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळते ती मला कळतसुद्धा नाही. शेजारचा माणूस सरकून बसला. त्याचं बरोबर आहे, मलाच माझी किळस येतेय.

दाढ गो. उजवीकडची, खालची. सकाळी शहापूरला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो होतो. त्या म्हणाल्या, कीड लागलीय. मी म्हटलं, दाखवा. त्यांना वाटलं थट्टा करतोय. पण मला खरंच बघायची होती, तू दाखवली होतीस तशी.

आठवतं? बाजारातल्या त्या दाढवाल्याने निखाऱ्यावर रिंगणीचं बी टाकून तुला तोंडात धूर घ्यायला लावला, आणि खालच्या पाण्यात पांढरे बारीक किडे पडले. ते तू पिशवीत भरून घरी आणलेस, आळीभर दाखवलेस, आणि मी जेवत असताना माझ्या ताटाशी धरलेस! अगदी भाताच्या शितांसारखे. कितीतरी दिवस मला भात गेला नाही. नाचणीच्या भाकरीवर राहिलो. भाकरी खावी तर डोळखांबकडची, तिकडे एका पाड्यावर... ते जाऊ दे.

हे सगळं सांगितल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कीड हा नुसता शब्द आहे. आत किडा नसतो, दात कुजतो. धुरातून पडतात ते बियांचेच गाभे, तडकून बाहेर आलेले.

म्हणजे तू बी दाखवत फिरलीस, काकी. कीड पडली, आता दाढ बरी झाली, असं समजून बसलीस. त्या माणसाने भोकात काळं काहीतरी लिंपलं होतं, त्याच्याखाली ती कुजतच राहिली. मग गाल सुजला, सूज गळ्यावर उतरली. घरभर तुझ्या तोंडाचा वास. ठाण्याला नेताना गाडीतही तुझं तेच, "अरे, माझी कीड तर पडली ना?" तिथून तू परत आलीच नाहीस. एका दाढेपायी! का गो विश्वास ठेवलास त्याच्यावर?

माझी दाढ उपटायची नाही म्हणे. मुळं चांगली आहेत, वरचा एक कोपरा गेलाय. कुजकं खरवडलं तेव्हा असा वास सुटला की मला तूच आठवलीस. मग माप घ्यायला गुलाबी लगदा दाबला. तो घशाकडे उतरला आणि मी पाय झाडले. बाई म्हणाल्या, ऑनले बसवू. मला ऐकू आलं आनले. विचारलं, काय आनलंय?

"आणलं नाही अजून, मागवायचंय," त्या हसत म्हणाल्या.

ऑनले म्हणजे मापाने घडवलेला तुकडा, तो गेलेल्या कोपऱ्यावर चिकटवतात. तोपर्यंत वर तात्पुरतं बूच. गुरुवारी आला नाहीस तर बूच निघेल आणि दाढही जाईल, असं बजावलंय. आणि उद्या माळशेज चढून जुन्नरकडे एक टेंपो जातोय, मला बोलावलंय. तुला माझे पाय माहीत आहेत, एका जागी ठरत नाहीत. मी उद्या जाणारच होतो.

पण इथे उतरलो तर बाजारात तोच धंदा. माणूस दुसरा. एक मावशी भांड्यावर वाकलेली, पाण्यात तेच पांढरं. तसाच पुढे झालो आणि म्हटलं, "मावशी, ती कीड नाय, बी हाय."

तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "पिऊन आलास काय रे?"

बोलणं वाकडंच येत होतं. शेवटी जबडा फाडून दाढ दाखवली. तिने नाकाला पदर लावला, पण वाकून बघितलं. मी जमेल तसं सगळं सांगितलं, तुझंही सांगितलं. दाढवाला लिंपायचा काळा गोळा मळत होता. ती गालावर हात धरून उठली.

"तुझी दाढ नीट बसली की ये दाखवायला. पुढच्या बाजारी मी मिरच्या घेऊन इथंच असते. तवर नाय लावून घेत ह्याच्याकडून."

काकी, टेंपोवाल्याला नाही म्हणून कळवलंय. गुरुवारी शहापूरला जाईन, कितीही ओकारी आली तरी तोंड मिटणार नाही. आणि पुढच्या बाजारी त्या मिरच्यांच्या ढिगापुढे उकिडवा बसेन, तिचं समाधान होईपर्यंत आ करून.

तुझा,
किसना