कप्तानबाई, घरी बसा

अमरावती,
रविवार, दुपार

श्री. सहदेवराव यांना वामनचा नमस्कार.

तुम्ही माझ्या बायकोचे थोरले भाऊ, आणि इतक्या वर्षांत मी तुम्हाला लग्नपत्रिकेखेरीज काही पाठवलेलं नाही. त्यामुळे पाकीट पाहून दचकू नका, कोणी गेलेलं नाही. तेल्हाऱ्याला सगळे धडधाकट असाल असं धरून चालतो. तुमचा गुडघा आता ओट्यावर चढू देतो का? वहिनींचा खोकला? कपाशी यंदा कमरेला लागली म्हणे, ऐकून बरं वाटलं. इकडचं विचाराल तर इकडे सध्या मी एकटाच आहे, त्यामुळे घरात कोणत्याही विषयावर मतभेद नाहीत.

मनकर्णा तुमच्याकडे येऊन बसली आहे. का आली हे तिने तिच्या पद्धतीने सांगितलंच असेल (म्हणजे काही न सांगता भांडी जोरात आपटून). आता माझी बाजू ऐका. अंजनगावच्या कॉलेजातून मराठीचा प्राध्यापक म्हणून निवृत्त झाल्यापासून मी शफीकभाईंच्या दैनिकात रविवारी सिनेमावर लिहितो, हे तुम्हाला ठाऊक नसेल. ठाऊक नसणारे तुम्ही एकटे नाही. इतक्या वर्षांत त्या स्तंभाबद्दल एका वाचकाचं पत्र आलं, आणि त्यात माझ्यामुळे शब्दकोड्याची जागा कमी झाल्याची तक्रार होती. मी तरीही लिहीत राहिलो. साहित्याची सेवा अशीच करायची असते, असं मी वर्गात शिकवलं होतं, आणि वर्गही ऐकत नव्हताच.

तर शफीकभाईंनी दोन पास पाठवले. 'शून्यसीमा' नावाची इंग्रजी पिक्चरची माळ आहे, हिंदीत करून इकडे लावतात, तिचा सातवा भाग. शफीकभाई म्हणाले, "सर, पोट्टे पागल झाले याच्यापायी. दोन शब्द लिहाच." मी आधीचे सहा पाहिले नव्हते. मनकर्णाने पाहिले होते, दुपारी टीव्हीवर, मेथी निवडता निवडता. कोण कोणाचा कोण, हे सांगायला कोणीतरी हवं, म्हणून मी तिला सोबत नेलं (हे मुद्दाम लिहितो. कारण मी तिला कुठे नेत नाही, असा एक प्रवाद तुमच्या घराण्यात आहे).

गोष्ट अशी. कमांडर हॅलर नावाचा एक रुंद माणूस सहा भाग अंतराळयानाच्या खिडकीत हाताची घडी घालून उभा असतो. मागे रेडिओच्या खोलीत ओडा नावाची बाई. सहा भागांत तिचं एकच वाक्य, "सिग्नल मिळाला, कमांडर." सातव्यात हा कमांडर सुरुवातीलाच मरतो आणि केस पिकलेली ती बाई कप्तान होऊन जहाज घेऊन निघते. पुढे नुसते स्फोट. इतके स्फोट, की माझ्या दाताचं सिमेंट हललं. मी घरी येऊन प्रामाणिकपणे लिहिलं, की कथानक पोकळ, संवाद पोकळ, आणि अवकाश तर मुळातच पोकळ. आणि शेवटच्या परिच्छेदाला जरा शेपूट असावी म्हणून एक ओळ टाकली, की कप्तानबाईंनी या वयात घरी बसावं, जहाज हाकण्याच्या भानगडीत पडू नये. बस. विनोद होता.

रविवारी सकाळी छापून आलं आणि दुपारी माझा फोन वाजायला लागला. माझा फोन, सहदेवराव! एरवी त्यावर फक्त गॅसवाला बोलतो. पलीकडे नितेश नावाचा तरुण, जयस्तंभ चौकात मोबाइलची कव्हरं विकतो आणि 'शून्यसीमा चाहता मंडळा'चा अध्यक्ष आहे. कमांडर मेल्याने या मंडळींनी सुतक धरलं होतं. दिग्दर्शकावर, लेखकावर, आणि सर्वात जास्त त्या बाईवर राग. म्हणाला, "सर, तुमी आमच्या दिलातली बात लिहिली. बाकी सगळे विकले गेले." बाकी सगळे म्हणजे पुण्या-मुंबईचे समीक्षक. त्यांनी या पिक्चरला चार-चार तारे देऊन 'मौनाचा स्फोट' वगैरे लिहिलं होतं. (एकाला तर बाईच्या पांढऱ्या केसांत आकाशगंगा दिसली. मला त्या समीक्षकाची काळजी वाटते.) माझा लेख मात्र मंडळातल्या कोणीही वाचला नव्हता. वाचली होती फक्त शेपूट. तेवढीच कापून त्यांनी या फोनवरून त्या फोनवर फिरवली, आणि संध्याकाळपर्यंत ती खामगावपासून वरूडपर्यंत पोचली. आयुष्यभर मी जे मन लावून लिहिलं ते कोणी वाचलं नाही. जे डुलकी लागता लागता लिहिलं ते पाठ झालं.

मग दुसरी बाजू जागी झाली. पिक्चर आवडलेलेही होतेच, त्यात अकोल्याच्या मुली पुढे. त्यांनी मला कळवलं, की आजोबा, तुम्हीच घरी बसा. कोणी माझ्या वाक्यरचनेतल्या चुका काढल्या, आणि त्यातली एक बरोबर होती. नितेशच्या लोकांनी पिक्चरला एक-एक तारा देऊन त्याची पत खाली ओढली, तर या लोकांनी माझी ओढायची ठरवली. पण मला तारे द्यायची सोय कुठे नव्हती. म्हणून त्यांनी मी शिकवत होतो त्या कॉलेजला फोनच्या नकाशावर एक-एक तारा दिला. प्राचार्यांनी मला फोन करून विचारलं, की सर, तुम्ही अंतराळात नेमकं काय केलं?

इथवर मनकर्णा शांत होती. ती माझा स्तंभ वाचत नाही (तिचं म्हणणं, मी बोलतो तेवढं पुरतं). पण मंडळाने माझा सत्कार ठरवला आणि राजकमल चौकात फलक लावला. फलकावर माझा फोटो, खाली हातभर अक्षरांत 'कप्तानबाई, घरी बसा!' फोटो कुठला, तर माझ्या निवृत्तीच्या समारंभातला, आम्ही दोघं जोडीने उभे असलेला. नितेशने मागितला तेव्हा माझ्याकडे तोच एक बरा होता. त्यांनी त्यातली मनकर्णा कापली. कापली तीही धड नाही. माझ्या खांद्याशी तिचं कोपर आणि पदराचा काठ तसाच राहिला. भाजी घेऊन परत येताना तिने ऑटोतून तो फलक पाहिला. घरी आली, पिशवी ठेवली, चहासुद्धा केला. मग म्हणाली,

"हे तुमी लिहिलं?"

"अगं, विनोद होता तो."

"मंग हासलं कोन?"

विनोदाचं स्वरूप मी बी.ए.च्या वर्गाला वर्षानुवर्षं शिकवलं, पण हा प्रश्न परीक्षेत कधी आला नव्हता. मी तिला समजावलं, की ती ओळ त्या पडद्यावरच्या बाईबद्दल आहे. ती म्हणाली, "मले समजते ना. म्हनूनच त विचारून राहिली." सकाळी तिने पिशवी भरली. मी विचारलं, कुठे? तर म्हणाली, "घरीच बसाचं हाय, त माहेरच्या घरी बसतो." आणि तुमच्याकडे यायला अकोटची बस धरली.

मी सत्काराला गेलो. हो, गेलो. माझा सत्कार कधी झाला नव्हता, सहदेवराव. निवृत्तीच्या वेळीसुद्धा माझ्याआधी शिपायाचा झाला आणि मग हार संपले. इथे मात्र सभागृह भरलेलं. शाल घातली, नारळ दिला. नितेशने मला 'वऱ्हाडचा कमांडर' म्हटलं आणि मला, खोटं कशाला बोलू, चांगलं वाटलं. मग त्याने हात वर करून आरोळी दिली, "कप्तानबाई..." आणि शे-दोनशे गळ्यांतून एकदम आलं, "घरी बसा!" पुन्हा. आणखी पुन्हा. समोर पाहिलं तर सगळे पुरुष. माझ्याहून म्हातारे दोघं-तिघंही होते, तेही मुठी वळून ओरडत होते. आणि मागच्या फलकावर ते कोपर.

माझ्या हातात माइक दिला. आभार मानून बसायचं होतं. पण माझा आवाज चढला आणि प्रमाण मराठी सुटली. मी म्हटलं, "पिक्चर भंगार हाय, पन तुमचा कमांडर काय करत होता बे? सहा भाग खिडकीत उभा! जहाज चालवत होतं कोन? सिग्नल घेत होतं कोन?" सभागृह पेटलं. "ए मास्तर, बस खाली!" एकजण म्हणाला, "हाबी विकला गेला!" नितेशने स्वतः माझ्या अंगावरची शाल ओढून काढली, म्हणाला, मंडळाची आहे. नारळ मी घट्ट धरला होता म्हणून राहिला. बाहेर आलो तर दुसरा पक्ष निषेधाचे कागद घेऊन उभा. त्यांना आत काय झालं याचा पत्ता नाही. मला पाहताच सुरू झाले, "आजोबा, घरी बसा!" मी समोरच्या पक्षाचा, यावर दोघांचंही एकमत झालेलं होतं. मी घरी आलो. नारळ फोडला आणि उभ्यानेच खाल्ला.

आणि एवढ्यावर भागलं नाही, म्हणून तुमच्या कन्येने, आकांक्षाने, तो व्हिडिओ टाकला. तुमच्या ओट्यावर मनकर्णा बसली आहे, पुढ्यात सूप, आणि ती पिक्चरचं परीक्षण करते आहे! "त्या बाईनं सहा पिक्चर 'सिग्नल भेटला' एवढंच म्हटलं. कोनाले तरास नोयता. सातव्यात तोंड उघडलं त लोकायचे डोये लाल. ते एकटी बसते ना जहाजात, बटन दाबाच्या आंधी, तवा तिचा हात कापते. भेवानं नाई. तिले कोनी कधी विचारलं नोयतं का तुले येते का म्हनून." एवढंच. मी तो हात पाहिलाच नव्हता. मी तेव्हा स्फोट मोजत होतो. व्हिडिओ गावोगाव गेला. नितेशवाल्यांनी शिव्या दिल्या, अकोल्याच्या मुलींनी तिला 'कप्तान आजी' केलं, आणि काल शफीकभाईंचा फोन आला. आधी माझी तब्येत विचारली. मग म्हणाले, "सर, भाभींना विचाराल का? रविवारची जागा हाय ना, तेच्यासाठी." माझी जागा, सहदेवराव. मी म्हटलं, विचारतो.

वहिनींना नमस्कार, आकांक्षाला आशीर्वाद (राग असला तरी आशीर्वादच).

आपला,
वामन

ता. क. १ : पत्राचं खरं कारण लिहायचं राहिलं. आकांक्षाला सांगून तो व्हिडिओ काढून टाकायला लावा. तुम्ही घरातले मोठे आहात.

ता. क. २ : काढू नका. माझ्या फोनवर तो साठवून कसा ठेवायचा, तेवढं मात्र तिला विचारून कळवा.

ता. क. ३ : त्या दिवशी थिएटरातून परत येताना मनकर्णा ऑटोत अख्ख्या रस्ताभर काहीतरी सांगत होती. हातवारे करून. मी मनात लेखाची पहिली ओळ जुळवत होतो आणि हं हं म्हणत होतो. व्हिडिओत आहे ते थोडंसंच आहे, ती ऑटोत पुष्कळ बोलली होती. तेव्हा सांजच्याला दोघं भाऊ-बहीण ओट्यावर बसाल, तेव्हा सहज विचारल्यासारखं तिले विचारा, का पिक्चर कसा वाटला म्हणून. मी विचारलं असं सांगू नका. ती काय म्हणते ते मधे न बोलता ऐका, आणि मले सगळं लिहून पाठवा.