बाबा घरातच होते

आप्पा, मला भीती वाटतेय, आणि घरात ती कुणाला दाखवता येत नाही. म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

माझं लग्न तुम्ही गेल्यावर झालं, तुमचे जावई तुम्ही पाहिले नाहीत. पुण्याच्या एका कंपनीचं काम ते घरातूनच करतात. आतल्या खोलीचं दार लावलं, कानाला हेडफोन लावला, की झालं ऑफिस. मी सकाळी शाहूपुरीत कामाला जाते आणि तुमची नात, दुसरीत आहे, दुपारी शाळेतून येते तेव्हा घरात बाबा असतात. लोकांना याचं केवढं कौतुक. खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात गाठून म्हणतात, "नशीब काढलंस बाई. बाप घरातच हाय म्हटल्यावर तुला कसली काळजी?" मलाही नव्हती. हे तिला जेवायला वाढतात, वेणी घालतात, वाकडी का असेना, आणि दोन मीटिंगांच्या मध्ये पाढेही म्हणून घेतात. फक्त ती मध्येच आत घुसायची आणि साहेबांसमोर ह्यांची धांदल उडायची. म्हणून मी तिला आपल्या घरातली रीत शिकवली. खोलीच्या दाराला काच आहे. बाबा बोलत असले की हाक मारायची नाही. काचेसमोर हात वर करून उभं राहायचं.

तुम्ही गुजरीतल्या सराफी दुकानांसाठी घरात बसून सोन्याच्या साजाची पानं घडवायचात. सांधा जोडताना तोंडात फुंकणी, गाल फुगलेले, नजर ज्योतीच्या टोकावर. तेव्हा कुणी हाक मारली आणि श्वास चुकला तर सोनंच वितळून जायचं. एक दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. मी नऊ-दहा वर्षांची आहे. गल्लीत पत्र्यानं पाय कापलाय. उंबऱ्यात हात वर करून उभी आहे आणि पायाखालची फरशी लाल होत चाललीय. तुम्ही नुसती भुवई उचलता, म्हणजे थांब. मी थांबते. काम संपल्यावर तुम्ही ओरडलात, "अगं, बोंबलायचं की! तोंड न्हाय व्हय तुला?" मी म्हणाले, "तुमचं काम चाललंवतं." संध्याकाळी दुकानाचा माणूस आला तेव्हा तुम्ही त्याला सांगत होता, "पोरगी लई शहाणी हाय माझी. रक्त गळत हुतं, पर हूं न्हाय केलं." त्या एका वाक्यावर मी किती वर्षं जगले, आप्पा. तेच मी लेकीला दिलं, चांगलं म्हणून.

तिला दमा आहे. थंडीत छाती भरते, मग पंप द्यावा लागतो. तो खेळायला घेते म्हणून आम्ही ह्यांच्या टेबलाच्या खणात ठेवायचो. त्या दुपारी मला ह्यांचा फोन आला. आधी नुसता रिक्षाचा आवाज, आणि मग, "तू ये. लगेच ये." मी पोचले तेव्हा तिच्या नाकातोंडावर मास्क होता आणि ओठांचा रंग परत येत होता. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. हे बाहेर बाकावर बसले होते, पायात दोन वेगवेगळ्या चपला. म्हणाले, "ती आली होती गं. काचेपाशी उभी होती, हात वर करून. मी बघितलं तिला. टीव्ही लावायचा असेल म्हटलं. मी हसलो तिच्याकडं बघून. मग ती काचेतून खाली गेली, तेव्हा उठलो." एवढंच पुन्हा पुन्हा. मी हसलो.

तिला शुद्ध नीट आल्यावर मी विचारलं, "हाक का नाही मारलीस?" तर मलाच समजावल्यासारखी म्हणाली, "बाबांची मीटिंग होती. मी हात वर केलता."

त्या रात्रीपासून माझ्या मनात तुमचा उंबरा आहे. मी इतकी वर्षं त्यात तुम्हाला बघत होते आणि मला. भिंतीपलीकडे आई भाकरी थापत होती हे मी विसरलेच होते. रक्त तिनं पाहिलं. पिठाच्या हातानं तिनंच मला उचललं, हळद भरली, तिच्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधली. तुमचा सांधा पुरा होईपर्यंत माझा पाय बांधून झाला होता. हात वर करून थांबायची रीत चालत होती, कारण थांबलेल्या पोरीकडे बघणारं दुसरं माणूस घरात होतं. माझ्या घरात भिंतीपलीकडे कुणी नाही. मी रीत उचलली आणि आईला तिथंच ठेवून आले.

आता आम्ही तिला ओरडायला शिकवतोय. हे दार लावून आत बसतात, ती बाहेरून हाक मारते. सुरुवातीला आवाजच फुटेना. "मोठ्यानं!" आतून हे. "अजून मोठ्यानं, काकूंना ऐकू गेलं पाहिजे." काकू खरंच वर आल्या, "काय गं, भांडणं लागल्यात व्हय?" आम्ही हसलो. आता तिला जमतं. दार बडवते, किंचाळते, हे हेडफोन फेकून धावतात, आणि ती म्हणते, "काय न्हाय. येतोस का बघत होते." दिवसातून कितीदा तरी. साहेबांनी एकदा विचारलं म्हणे, घरी सगळं ठीक आहे ना. हे तरीही उठतात. पण परवा उठायच्या आधी ते जरासे थांबले, मी पाहिलं. अगदी जरासे. त्या जराशाची मला भीती वाटते. खरी हाक कुठली, हे त्यांना कळेल का? आणि ते आले नाहीत असं एकदाच झालं, तर ती पुन्हा बोलवेल का?

आज दुपारी माझी बैठक होती. टेबलावर फोन थरथरला. तिच्यासाठी घरात ठेवलेल्या मोबाइलचा नंबर. सगळे माझ्याकडे बघत होते. मी कापला. ती बरी आहे, आप्पा, घाबरू नका. मी नंतर लगेच ह्यांना विचारलं, बरी होती. मी येते का, तेवढंच तिला बघायचं होतं. संध्याकाळी जेवताना मी विषय काढला, तर ताटातून मान न उचलता म्हणाली, "जाऊ दे. तू कामात होतीस."

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून लिहून ठेवते. मी तिला सांगितलं, ऑफिसात रेंज नव्हती.

रेंज होती.