शेवटच्या दारामागे कोण आहे

आधी माफी मागतो. हा कागद फार उशिरा लिहितो आहे. कागदपत्रे करून ठेवा, असे डॉक्टरीणबाईंनी गेल्या हिवाळ्यातच सांगितले होते. मी म्हटले, बर्फ वितळू दे. बर्फ वितळला, पुन्हा पडला, आणि आता येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. त्या म्हणतात, घाबरण्यासारखे काही नाही. मग एवढ्या कागदांवर माझ्या सह्या कशाला घेतल्या, ते मात्र कोणी सांगितले नाही.

तर मी, रहमीम एलिजा किहिमकर, मूळचा अलिबागकडचा, हल्ली मुक्काम नॉर्थ यॉर्क, सातवीपर्यंत शिकलेला, ऑफिसांच्या टॉवरमध्ये सिक्युरिटीची नोकरी करून निवृत्त झालेला, असे लिहून ठेवतो की आज माझे डोके ठिकाणावर आहे. छातीत धडधड आहे, पण डोके ठिकाणावर आहे. कोणी बळजबरी केलेली नाही. उलट माझी पत्नी क्वीनी आत्ताच डोकावून, "अहो, आधी जेवून घ्या, मग मरा," असे म्हणून गेली.

कलम पहिले. हा कॉन्डो आणि बँकेत जे काही असेल ते सर्व क्वीनीचे. त्यात कोणी भाग मागू नये. बाल्कनीच्या दाराखाली जुना टॉवेल लावावा, नाहीतर वारा आत येतो. वॉशरूमचा नळ डावीकडे जोरात फिरवू नये. हे मी तिला रोज सांगतो, आणि ती रोज जोरात फिरवते.

कलम दुसरे. किद्दुशचा, म्हणजे आम्हा ज्यूंच्या शब्बाथच्या प्रार्थनेचा चांदीचा पेला, माझ्या वडिलांचे मराठी तर्जुम्याचे प्रार्थनेचे पुस्तक, नोकरीतला थर्मास आणि मोठी टॉर्च, हे आमचा एकुलता एक मुलगा अवी याला. अवी ब्रॉसार्डला राहतो आणि मॉन्ट्रियलच्या एका कंपनीत व्हिडिओ गेम तयार करतो. या चार वस्तूंना काहीही अट नाही. तो माझ्याशी बोलला नाही तरी त्या त्याच्याच.

कलम तिसरे, गेम. याच्यावर लोक हसतील, पण वाद सगळा यावरूनच होणार, म्हणून सविस्तर लिहितो.

मी निवृत्त झालो तेव्हा अवीने खेळायचे मशीन आणून टीव्हीला जोडून दिले. म्हणाला, "पप्पा, नुसते खिडकीशी बसू नका. खेळा आणि मला सांगा. बाकीचे लोक खेळासारखं खेळतात, तुम्ही ड्युटीवर असल्यासारखे खेळाल." तेव्हापासून कुठलाही गेम खेळलो की चांगला की वाईट, आणि का, हे मी त्याला फोनवर सांगत असे. तो मध्येच हसायचा, पण ऐकायचा. तेवढ्यासाठी मी दुपारची झोप सोडली.

(अ) मारामारीचे सर्व गेम माझा मेहुणा जेफ्री याला. तो रिचमंड हिलला राहतो. मारामारीच्या गेमची परीक्षा माझ्या मते एकच आहे. आपण मेलो तर चूक आपली होती, हे आपल्याला लगेच पटले पाहिजे. घाव बसला की हाताला कळले पाहिजे, आणि हरल्यावर चिडण्याऐवजी "अजून एकदा" असे तोंडातून निघाले पाहिजे. राक्षस नुसता मोठा केला म्हणून गेम मोठा होत नाही. जेफ्रीला हे पटत नाही. तो सगळे गेम सोप्या पातळीवर लावतो आणि सगळ्यांना सांगतो की अवघड पातळीवर जिंकलो. मी एकदा पकडले तर म्हणाला, "भावजी, मी दिवसभर ऑफिसात हरतो, घरी येऊन पण हरू का?" हे उत्तर चांगले होते, म्हणून त्याला गेम देतो. पण त्याने खोटे बोलणे सोडावे, अशी इच्छा इथे नोंदवून ठेवतो. माझा घेऊन गेलेला दुसरा कंट्रोलर त्याने अजून परत केलेला नाही, हीही नोंद असावी.

(ब) भूमिका घेऊन खेळायचे लांबलचक गेम क्वीनीला. नाहीतरी ते तिनेच बळकावले आहेत. राज्य वाचवायचा गेम होता, तिने त्यात औषधी पाल्याचे दुकान टाकले. मी विचारले, "अगं, राजा मरतोय तिकडे." तर म्हणे, "मरू दे, त्याने माझ्या गिऱ्हाइकाला तुरुंगात टाकलंय." मी तासभर बघत बसलो. दुकानात येणारी म्हातारी मागच्या वेळी हिने काय दिले ते विसरली नव्हती. तेव्हा मला कळले की या जातीचा गेम मोठा कशाने होतो. तुम्ही केलेले कोणीतरी लक्षात ठेवावे लागते. खोटे बोललात तर ते पुढच्या गावात तुमच्या आधी पोचले पाहिजे. नुसते कपडे आणि तलवारी बदलत बसणे म्हणजे मॉलमध्ये हिंडणे.

(क) लपत जाण्याचे गेम, म्हणजे पहारेकऱ्याला चुकवून आत शिरायचे, ते सर्व अवीला. यात मला थोडे कळते असे मी धरून चालतो, कारण मी स्वतः चुकवला जाणारा माणूस होतो. पुष्कळ गेममध्ये पहारेकरी आवाज ऐकून बघायला जातो आणि काही नाही म्हणून बरोबर आपल्या जागी परत येतो. आम्ही असे कधी केले नाही. उठलो की वॉशरूमला जायचो, वाटेत कोणाशी तरी बोलायचो. चुकवायचा माणूस माणूस वाटला, त्याला थंडी वाजली, त्याला घरची आठवण आली, तर लपणाऱ्याची छाती धडधडते. आणि दिसलो की खेळ संपला, असे असू नये. दिसल्यावर खरा खेळ सुरू व्हावा. पळावे, थापा माराव्या, वाट बदलावी. पडलेल्याला कुठेतरी दम खायला जागा द्यावी. याला मी दया म्हणतो. दया नसलेला गेम कितीही सुंदर असला तरी मोठा नाही. हे माझे मत आजही कायम आहे.

आता कलम चौथे. याच्यासाठीच मी हा कागद लिहायला बसलो.

गेल्या वर्षी अवीचा स्वतःचा गेम बाहेर आला. नाव फ्रेंच आहे, मला उच्चारता येत नाही. बर्फाच्या वादळात, दिवे गेलेल्या एका उंच इमारतीत एक माणूस शिरतो आणि पहारेकऱ्याला चुकवत एकेक मजला वर चढतो. मी तो तीन आठवडे खेळलो. पकडले की थेट तळमजल्यावर. परत पहिल्यापासून. आणि तळमजल्यावरचा पहारेकरी थर्मासच्या झाकणातून चहा पितो आणि भिंतीला पाय टेकून बुटाची नाडी बांधतो. तो मी आहे. लहानपणी शाळा सुटल्यावर अवी माझ्या लॉबीत येऊन बसायचा, तेव्हा त्याने मला तसेच पाहिले होते. मला वाटले, पोराने बापाला चुकवून जाण्याचाच खेळ केला, आणि जगभर विकला.

त्याच सुमारास जेफ्रीने नवीन घराचा मलिदा, म्हणजे आमच्याकडचा आभाराचा विधी, ठेवला. प्रेषित एलियाहू हन्नाबीच्या नावाने पोह्यांचे ताट मध्ये, खोबरे, फळे, आमची सगळी मंडळी जमलेली. अवी मुद्दाम आला होता. सगळ्यांदेखत त्याने विचारले, "पप्पा, सांगा ना. कसा वाटला?"

मी म्हटले, "तुझ्या गेममध्ये दया नाही. माणूस पडला की थेट जिन्याच्या पायथ्याशी."

तो म्हणाला, "पायथ्याशी? एकही दार नाही सापडलं तुम्हाला?"

"दारं दिसली. मी चोर नाही."

 तो म्हणाला, "ओके, पप्पा. फेअर इनफ." मलिद्याला हात न लावता उठला. तेव्हापासून फोन करतो तो आईला. मागे "पप्पा ओके?" एवढे विचारतो, ते मला ऐकू येते.

दारांचे असे होते. गेममध्ये काही दारांच्या चौकटीवर मेझुझा आहे. आमच्या घरांच्या चौकटीवर असते तीच, पवित्र वचने ठेवलेली लहान डबी. येता-जाता आम्ही तिला हात लावतो आणि बोटांचे चुंबन घेतो. तिच्याजवळ गेले की कंट्रोलरचे गोल बटण चमकते. मी कधी दाबले नाही. परक्याच्या घरात चोरी करायला शिरलेल्याने मेझुझाला हात लावावा? माझ्या हाताने मी त्याला लावू देईन? दुसऱ्या कोणीही चमकते बटण पाहून दाबले असते. मी प्रत्येक दाराशी मान खाली घालून पुढे गेलो.

गेल्या मंगळवारी दुपारी मी तो गेम पुन्हा लावला, क्वीनी मागे भाजी निवडत बसली होती. म्हणाली, "ते चमकतंय ते दाबा की."

"चोर आहे तो."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"घरात लपून शिरतोय, दिसत नाही का?"

"द्या इकडे," म्हणून तिने भाजीच्या हातानेच दाबले.

त्या माणसाने हात वर करून चौकटीला लावला, बोटे ओठाला लावली, आणि तो अवीच्या आवाजात म्हणाला, इथे माझी सायकल टेकलेली असायची. बाजूला अक्षरे आली की खेळ इथपर्यंत जपून ठेवला आहे. यापुढे पडलात तर इथूनच उठाल. प्रत्येक मेझुझापाशी असेच. एका दारापाशी शेजारणीच्या कांद्याच्या वासाची आठवण, एका दारापाशी बापाच्या किल्ल्यांचा आवाज. तो चोर नाहीच. तो त्या इमारतीत वाढलेला आहे. खाली माझ्या नोकरीची लॉबी आणि वर आमचे जुने बिऱ्हाड, अवीने दोन्ही एकाच इमारतीत रचले आहे. फार दिवसांनी स्वतःच्या घरी चालला आहे, आणि खालच्या माणसासमोर जायची त्याला भीती वाटते.

क्वीनी म्हणाली, "दया नाही म्हणे." आणि भाजी घेऊन आत गेली.

म्हणून मी लिहून देतो. याआधी मी दुसरे कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. पण मलिद्याच्या दिवशी, साक्षीदारांसमोर, मी एक तोंडी निकाल दिला होता. तो या लेखाने पूर्णपणे रद्द करतो. अवीच्या गेममध्ये दया आहे. ती दारांवर लावलेली आहे. तिथे हात पोचायला हवा, एवढेच.

कलम पाचवे. मशीन चालू आहे, प्लगवर चिकटपट्टी लावली आहे. कोणीही काढू नये. जेफ्री म्हणतो खेळ जपून ठेवलेला आहे, बंद केले तरी चालेल. जेफ्रीच्या म्हणण्यावर मी हे सोडणार नाही.

साक्षीदार आमच्या मजल्यावरचे नागपूरकर शेजारी, शैलेंद्र आणि सीमा. ज्याला काही मिळते त्याने साक्ष करू नये, असे शैलेंद्रने वाचून सांगितले. म्हणून त्यांना काही ठेवता आले नाही. बर्फ काढायचे चांगले फावडे त्यांच्यासाठी मनात होते. सीमा म्हणाली, "काका, गुरुवारनंतर तुम्हीच द्या ना हाताने." मी ठीक म्हटले आणि फावडे दाराशी काढून ठेवले.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचून पाहिला, आणि या दोघांसमोर सही केली. त्यांनी माझ्यासमोर केली.

सही: रहमीम एलिजा किहिमकर
साक्षीदार: शैलेंद्र, सीमा
नॉर्थ यॉर्क, टोरोंटो. रविवार, ९ फेब्रुवारी २०२५.

सहीखाली लिहू नये म्हणतात, तरी लिहितो. याची एक प्रत आजच ब्रॉसार्डला पाठवतो आहे.

अवी, मंगळवारी रात्रीच तुझा माणूस शेवटच्या मजल्यावर पोचला. त्याचा हात मेझुझावर आहे आणि पडद्यावर तू विचारतोस, दार वाजवायचे का. चढताना मी जिन्यावरून खाली पाहिले, तर लॉबीतली खुर्ची रिकामी होती. थर्मासही नव्हता. म्हणजे ड्युटी संपवून पहारेकरी वर घरी आला असणार. गेले पाच दिवस मी कंट्रोलर घेऊन बसतो आणि बटण दाबत नाही. गुरुवारच्या आधी फोन कर. आईच्या फोनवर नको, माझ्या कर. आत मीच असेन, तर मी दार उघडतो की नाही, एवढे लवकर कळव.