काणीची पेंढी आणि एका बाहीचा सदरा

दौंड, रेल्वे क्वार्टर्स

प्रिय आई,

तुला हे पत्र लिहायला मला आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांच्या बायकोनं, पाळकीणबाईंनी, भाग पाडलं, आणि त्यांना ते ठाऊकही नाही. आज सकाळी त्या आल्या, चहा नको नको म्हणत प्यायल्या आणि कप खाली ठेवता ठेवता म्हणाल्या, "रूथबाई, रविवारी सुगीचा सण. यंदा तुम्ही नुसत्याच या हं. काही आणलं नाहीत तरी चालेल."

काही आणलं नाहीत तरी चालेल! आई, तू असतीस तर काय केलं असतंस गं? मला वाटतं, तो कप तू त्यांच्यादेखतच धुवायला उचलला असतास.

पण आधी तुला सांगायचं ते सांगते. दानी गेला. नाताळाला नऊ दिवस उरले होते. घटसर्प झाला. तुझे जावई इंजिनावर फायरमन, ते त्या दिवशी मालगाडी घेऊन सोलापूरकडे गेलेले. मी त्याला खांद्यावर टाकून दवाखान्यात नेलं. दुपारी तीन वाजता त्याचा श्वास थांबला. सहा वर्षांचा होता. पुढचे दोन दात पडले होते, त्यामुळे 'शिट्टी' म्हणताना खरंच शिट्टी वाजायची.

तू त्याला तीन महिन्यांचा असताना मांडीवर घेतलं होतंस आणि त्याच साली गेलीस. तुला ओळखू आला का गं तो? त्याचा घसा आता दुखत नाही ना? दुधावरची साय त्याला चालत नाही, काढून दे. बास. याच्यापुढे लिहीत बसले तर पत्र राहील बाजूला.

तेव्हापासून जो येतो तो मला शहाणपण शिकवतो. "देवाची इच्छा." "त्याला आवडलं ते फूल त्यानं खुडलं." परवा एका बाईला मी सरळ म्हटलं, "मग त्याला सांगा, दुसऱ्याच्या दारातलं फूल तोडताना निदान कडी वाजवावी!" ती उठून गेली. बरं झालं. दोन महिने मी चर्चला गेले नाही आणि प्रार्थना केली तीही भांडणासारखी. तुझे जावई म्हणतात, "अगं, जरा हळू बोल त्याच्याशी." मी म्हणते, हळू बोलून झालं की दवाखान्यात. तेव्हा कुठे ऐकलं?

तुला माहीत आहे, माझं पीक वावरात येत नाही, मशीनवर येतं. इथे सुगीच्या सणाला कुणी अंडी आणतं, कुणी परसातला भोपळा, कुणी केक. मी दरसाल एक कपडा नेते. नाताळच्या शिवणातला पहिला. यंदाचा पहिला कपडा म्हणजे दानीचा नाताळचा सदरा. निळ्या रेघांचा. एक बाही लावून झाली होती, दुसरी कापून ठेवली होती. तो आजारी पडला त्या सकाळपासून मशीनवर तसाच आहे. मी मशीनला हात लावलेला नाही.

पाळकीणबाईंनी आज तो पाहिला. हातात घेतला आणि म्हणाल्या, "द्या इकडे. मी दुसरी बाही लावून आणते. कुणा गरिबाच्या पोराच्या अंगाला होईल. तुमचंही मन हलकं होईल."

मी तो त्यांच्या हातातून ओढून घेतला. जोरात ओढला, आई. बाई मनानं वाईट नाहीत, त्यांचे डोळे भरून आले होते. पण मला त्या क्षणी त्या दिसल्याच नाहीत. मला शिरूरच्या चर्चमधलं ते टेबल दिसलं आणि त्याच्यासमोर उभी असलेली तू.

आठवतं ना? मी बारा वर्षांची होते. पेरणीच्या आधी बाबा तापानं गेले आणि कवठ्याचं ते ओढ्याकाठचं वावर तू एकटीनं पेरलंस, शेजारच्या आप्पांचे बैल मागून. ज्वारी चांगली उंच झाली. कणसं बाहेर पडली आणि एकेक दाणा फोडून पाहिला तर आत काळी भुकटी. सगळ्या वावरात काणी! काणी पडू नये म्हणून बाबा दरवर्षी बियाण्याला गंधक चोळायचे. त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नव्हतं आणि तुला ते काणी पडल्यावरच कळलं. विहिरीवर बाया म्हणायच्या, "धरम सोडला, आता भोगा." तू घागर कमरेवर घेत म्हणायचीस, "मग खालच्या आळीला काणी का पडली गं? त्यांनी कवा सोडला?"

आणि मग सुगीचा सण आला. मला वाटलं, औंदा आपण जाणार नाही. तू मात्र शनिवारी सकाळी विळा घेतलास, काणी पडलेल्या कणसांची एक पेंढी कापलीस, फडक्यात गुंडाळलीस आणि म्हणालीस, "चल." आठ कोस चालायचं, तेही ते काळं डोक्यावर घेऊन! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

म्हणून मी ते केलं. तू पाणी प्यायला आत गेलीस तेवढ्यात आप्पांच्या बांधावरून दहा-बारा टपोरी कणसं मोडली आणि पेंढीच्या बाहेरून चारी बाजूंनी खोचली. काळं आत, पांढरं बाहेर. फडकं पुन्हा बांधलं. वाटभर मी तुझ्यामागे चालत होते आणि माझं मलाच कौतुक वाटत होतं, की आईची अब्रू राखली!

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये तुझं नाव आलं. तू टेबलापाशी गेलीस, फडकं सोडलंस आणि थांबलीस. वळून माझ्याकडे एकदाच पाहिलंस. मग सगळ्यांसमोर, एकेक करून, आप्पांची कणसं उपसलीस आणि जमिनीवर ठेवलीस. "ही माझी न्हाईत," एवढंच बोललीस. टेबलावर उरली ती काळी पेंढी. पाळकसाहेब घाबरल्यासारखे म्हणाले, "राहेलबाई, ही काणी आहे. देवाला उत्तम ते द्यावं."

"साहेब, गेल्या साली त्यानं टपोरी दिली, टपोरी आणली. औंदा हे दिलं, हे आणलं. माझं लपवून शेजाऱ्याचं म्होरं मांडू? त्याला फसवू व्हय?"

मग तू मान वर केलीस. तुझा आवाज चढला होता, मागच्या बाकापर्यंत ऐकू गेला. "बियाला गंधक चोळणारा हात तू नेलास. मला कुणी शिकवलं न्हाई. आता ही काणी बी तूच बघ. तोंड फिरवू नगंस. मी तुला सोडायची न्हाई, आन् तू बी मला सोडू नगंस."

पाळकसाहेबांनी ती पेंढी दोन्ही हातांनी उचलली. भुकटी त्यांच्या बोटांना लागली, पांढऱ्या कोटाला लागली. शेवटी त्याच काळ्या हातानं त्यांनी सगळ्यांना आशीर्वाद दिला.

मला तू मारलं नाहीस. मारलं असतंस तर बरं झालं असतं. परतताना आठ कोस ती कणसं माझ्या हातात दिलीस आणि थेट आप्पांच्या ओसरीवर नेलंस. "आप्पा, पोरीनं तुमची मोडली." आप्पा म्हणाले, "अगं, कणसं ती केवढी! ठिव पोरीला, हुरडा भाजून खाईल." तू म्हणालीस, "मागून घेतलं असतं तर खाल्लं असतं." मग आप्पांनी मला रागावायचं सोडून तुलाच जवळ बोलावून गंधक कसा आणि किती चोळायचा ते दाखवलं. तो दिवस मी तुझ्यावर चिडून काढला. तुला कधी सांगितलं नाही, आज सांगते. मी चोरी केली याची मला लाज नव्हती गं. मला तुझी लाज वाटत होती. क्षमा कर.

एक तक्रार मात्र माझीही आहे. तू इतकी ताठ का राहिलीस? बाबांसाठी तुला रडताना मी एकदाही पाहिलं नाही. मला वाटायचं, विश्वास म्हणजे डोळे कोरडे ठेवणं. दानी गेल्यावर माझे डोळे थांबेनात, तेव्हा मला वाटलं की माझा विश्वास संपला. किती दिवस मी या एका चुकीत काढले! आज तो सदरा ओढून घेतला तेव्हा कळलं, संपलेला नाही. संपला असता तर मी इतकी भांडले कुणाशी असते? रिकाम्या घरात का कुणी आरडाओरडा करतं?

देव चांगला आहे, असं मी आजही म्हणते. दात खाऊन म्हणते. पण त्याच्यासाठी माझं दुःख इस्त्री करून मांडणार नाही. त्याचाही एकुलता एक मुलगा गेला होता ना? मग अर्धा सदरा पाहून तो दचकणार नाही. दचकतात ती माणसं.

तेव्हा आई, तुला वचन देते. रविवारी मी जाणार. रिकाम्या हातानं नाही, आणि दुसरी बाही लावूनही नाही. जसा आहे तसा एका बाहीचा सदरा टेबलावर ठेवीन, उलगडून, सगळ्यांना दिसेल असा. पाळकीणबाईंनी मायेनं त्यावर एखादा चांगला कपडा पांघरला, तर मी तो उचलून बाजूला ठेवीन आणि म्हणेन, "हा माझा नाही." मग वर बघून सांगीन, "यंदा तू हे दिलंस. नीट बघ. मी तुला सोडायची नाही."

कापलेली दुसरी बाही मी माझ्याजवळ ठेवून घेतेय. मी तिकडे येईन तेव्हा ती त्यानं मला माझ्या हातानं लावू द्यावी, दानीच्या अंगावर. तेवढा हिशेब बाकी आहे आमच्यात. सोमवारी मशीनला तेल घालीन.

आप्पांची कणसं मोडणारी,
तुझी रुती