दुवा मध्येच थांबली तेव्हा

बिश्केक,
१४ सप्टेंबर

प्रिय आईस,

तुझ्या धाकट्याचा सलाम.

आम्ही तिघंही बरे आहोत. नाझिकचा खोकला गेला. बेगायिम परवा भिंत सोडून तीन पावलं चालली आणि चपलांच्या ढिगात जाऊन बसली. गाई डोंगरावरून खाली आणल्यास का? गुडघा कसा आहे? दुखला तरी तू सांगणार नाहीस म्हणा.

पत्र कशाला लिहितोय हा, असं वाटेल तुला. फोनवर मला धड बोलता येत नाही. दुसऱ्याच वाक्याला मी कुणाचा तरी आवाज काढतो, तू "गप रे माकडा" म्हणतेस आणि बोलायचं ते राहून जातं. हल्ली तर तू माकडही म्हणत नाहीस.

वहिनीचा फोन आला होता. मला जन्म तिने दिला, पण पहिलं नातवंड आजीचं, या आपल्या रीतीने तू मला उचलून आणलंस. मी तुला आई आणि तिला वहिनी म्हणत वाढलो, त्यावर तिने कधी चकार शब्द काढला नाही. परवा मात्र ती आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर कडाडली.

"बाराजण जेवायला होते," ती म्हणाली. "जेवणं झाली, सगळ्यांनी ओंजळी पुढे धरल्या आणि सवयीने आईंकडे पाहिलं. तर आई म्हणाल्या, 'दुसरं कुणीतरी म्हणा. मी मध्येच विसरेन.' अरे, त्या विसरतील? मेंढ्यांना कुठल्या साली कुठली लस टोचली ते अजून पाठ आहे त्यांना! सगळे खाली मान घालून उठले. दुवेशिवाय. आपल्या घरात असं कधी झालंय का, तालगार?"

मी म्हणालो, "वय झालंय तिचं, वहिनी." तिने फोनच ठेवून दिला.

आता आधी माझी बाजू ऐक. चोराच्या उलट्या बोंबा म्हण हवं तर. माझ्या नकलेतली बुबुश म्हातारी तुझ्याच स्वयंपाकघरात जन्मली. शाळेच्या कार्यक्रमासाठी मी तुझा रुमाल डोक्याला बांधला, तुझे रबरी बूट चढवले, तेव्हा हसून हसून तुझी पुरेवाट झाली होती. वर तूच शिकवलंस, "म्हातारी वाकून चालत नाही रे, गुडघा जपत चालते." आज त्या चालीवर मी घर चालवतो. ओशच्या बाजारात बायका मला मिठी मारतात, "अगदी आमच्या सासूबाई!" म्हणतात. खुद्द म्हाताऱ्यासुद्धा माझ्याबरोबर फोटो काढून घेतात. प्रेमानेच करतो मी ते, आई. शपथ.

पण बुबुश फोन उलटा धरते. टीव्हीवरच्या बातम्यावालीशी भांडते. लग्नात साखरेचे खडे बाहीत लपवते आणि नाकावरचा चष्मा घरभर शोधते. तू यातलं एकही कधी केलं नाहीस. तू चाळीस वर्षं घोड्यावर बसून कळपामागून कळप टोचत फिरलीस, आणि आजही भिंग धरून दोन पेपर वाचतेस. हे मला ठाऊक होतं. पण पेपर वाचणाऱ्या म्हातारीला कोण हसणार? म्हणून मी तो भाग गाळला.

आता आपल्या एर्मेकच्या, गेल्या हिवाळ्यातल्या लग्नाचं. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. तीनशे माणसं. तू दुवा द्यायला उठलीस, दोन वाक्यं म्हणालीस आणि थांबलीस. मला वाटलं, विसरली. छे, खरं सांगतो, मला काहीच वाटलं नाही. रिकामी जागा दिसली की ती भरायची, हा माझा धंदा. मी माइकमध्ये बुबुशच्या आवाजात म्हणालो, "कुठवर आले होते गं मी?"

सभागृह हशाने फुटलं. तू माझ्याकडे एकदा पाहिलंस, तोंडावरून हात फिरवून "ओमिन" म्हणालीस आणि बसलीस. अर्धी दुवा तशीच राहिली. परतताना गाडीत तू सगळा वेळ बटाट्यांबद्दल बोललीस, आणि मी गाढव असं समजलो की विषय संपला.

तू का थांबली होतीस, ते वहिनीने मला आत्ता सांगितलं. पुढच्या वाक्यात नवरीच्या आईचं नाव यायचं होतं. ती बाई त्याच हिवाळ्यात गेलेली. पोरीचे ओठ थरथरायला लागले होते, आणि ती सावरेपर्यंत तू वाट पाहत होतीस. एवढ्या माणसांत ते फक्त तुला दिसलं होतं. मी त्या पोरीच्या आईच्या नावावर हशा पिकवला, आई.

आणि तरी इथवर मी सोपं तेच लिहिलंय. यापुढचं लिहायला मला चार दिवस लागले.

लग्नानंतर मी ते नाटुकल्यात घातलं. बुबुश दुवा द्यायला उठते, दोन वाक्यं म्हणते, थांबते, इकडेतिकडे बघते. मी मनात पाच आकडे मोजतो आणि मग ते वाक्य टाकतो. त्याच्याइतका हशा दुसऱ्या कशालाच नाही. वसंतात ते टीव्हीवरही दाखवलं. तू शेजाऱ्यांबरोबर बसून पाहिलंस म्हणे, त्यांचा विरस नको म्हणून थोडं हसलीससुद्धा. दुसऱ्या दिवशी दुकानापाशी पोरांनी तुझ्यापुढे ओंजळी धरल्या आणि ती ओरडली, "आजी, कुठवर आला होतात?" मग तू दुवा देणंच सोडलंस. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगणार कुणाला?

मी स्वतःची समजूत घालत होतो की थट्टा सगळ्यांचीच होते, जावयाची, पोलिसाची, मुल्लाची. पण पोलिसाची नक्कल केली तर दुसऱ्या दिवशी लोक त्याला पुन्हा सलाम ठोकतातच. तुझी केली, तर तुझं बोलणंच बंद झालं. मला लाज वाटते, आई. फार लाज वाटते.

बुबुश कायमची सोडली, असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. नोव्हेंबरचे कार्यक्रम ठरलेले आहेत, आणि ती सोडून मला दुसरं काय येतं ते मला अजून कळलेलं नाही. दुवेचा भाग मात्र काढून टाकला. कार्यक्रमवाले तोंड वाकडं करतायत, करू देत.

पुढच्या रविवारी बेगायिमच्या पायातला, पहिल्या पावलांनंतर बांधतात तो दोरा कापायचा आहे. शहरात नाही, तुझ्या अंगणात. एर्मेकच्या लग्नाला आलेल्यांतले जमतील तेवढे सगळे मी बोलावलेत, नवरानवरीसकट. दुवा मागायला येत नाही मी. तो हक्क मी घालवला. तू हात उचलले नाहीस तर आम्ही दोरा कापू, जेवू आणि गुमान परत जाऊ.

पण जेवणाआधी मी उभा राहणार आहे. तू त्या दिवशी काही विसरली नव्हतीस, कशासाठी थांबली होतीस आणि मध्ये कोण बोललं, ते माझ्या स्वतःच्या आवाजात सांगणार आहे. नवरीची परवानगी मी फोनवर घेतली. थोरल्या भावाला म्हणावं तसं ती म्हणाली, "सांगा, बाईके."

लोक हसतील. मी उभा राहिलो की लोक हसतातच, आणि माफी मागायला लागलो की आणखी हसतील. हसू देत. त्यांचं हसणं संपेपर्यंत मी तुझ्यासमोर तसाच उभा राहणार आहे.

तुझा अपराधी,
धाकटा तालगार