डहाळीपाशी बसलेली मुलगी

शेलू,
१४ एप्रिल २०२४

ती. जयवंता आत्यास,
भाग्यश्रीचा शि. सा. न. वि. वि.

वाडीत फोनला रेंज येईल तेव्हा येईल, तोवर आपली पत्रं बरी. जमालभाईंच्या जीपने हे पत्र आणि कापडात गुंडाळलेला एक टॅबलेट पाठवला आहे. त्यात माझा गेम आहे. ओमकार आणि मी शेलूतल्या भाड्याच्या खोलीत बसून जो उद्योग करतो, ज्याला तू "मोबाइलवर खेळत बसणं" म्हणतेस, तोच हा. आता तूही खेळत बस म्हणजे फिटंफाट.

गेम सोपा आहे. कमळी नावाची लहान पोर करवंदांना गेलेल्या बायकांच्या मागे रानात जाते आणि हरवते. वाट फुटली की कुठे वळायचं ते आपण बोटाने दाखवायचं. जशी वाट धराल तशी गोष्ट बदलते आणि शेवटही बदलतो. एका वाटेने ती ओढ्यावर पोचते, एका वाटेने शेकरूच्या मागे भटकते, एका वाटेने थेट कशेळ्याच्या बाजारात निघते. एका शेवटात अंधार पडतो आणि खेळ थांबतो. तो लागला तर घाबरू नकोस, पुन्हा पहिल्यापासून खेळता येतं. ती सोय या धंद्यात आहे, आयुष्यात नाही.

कमळी कोण ते तुला सांगायला नको. मी हरवले त्या दिवसाचं मला फारच थोडं आठवतं. वाटेवर पडलेली एक हिरवी डहाळी, मग मी कुणाच्या तरी पाठीवर, धुराचा वास येणारा पदर, आणि सकाळी उशाशी बसलेली तू. तू मला शोधून आणलंस म्हणून मी आज हे पत्र लिहिते आहे. कमळी घरी पोचली की शेवटी आभाराची एक ओळ येते, तिथे तुझं नाव घातलं आहे. ते वाचायचं असेल तर तिला घरी न्यावं लागेल. एक जूनला गेम सगळ्यांसाठी खुला करायचा आहे, तेव्हा चुका त्याआधी कळव.

घरी चांगोमामांना नमस्कार. लोभ आहे तेवढा राहू दे, चुका काढताना मात्र थोडा वाढव.

तुझी,
भाग्यश्री

---

वरची वाडी, कशेळे
२६ एप्रिल २०२४

चि. भाग्यश्री हिस,
आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

टॅबलेट पोचला. जमालने वाटेत सगळ्या जीपला सांगितलं, की जयवंताबाईंच्या भाचीने रान बनवून धाडलंय. त्यामुळे मी अंगणवाडीतून घरी येईपर्यंत ओटीवर गर्दी. पोरं खेळली, बायका खेळल्या, तुझे मामाही खेळले. पण एकालाही कमळीला घरी नेता आलं नाही. जो तो अंधारात अडकला. मामांनी शेवटी टॅबलेटलाच वेडा ठरवला आणि ते गुरं आणायला गेले.

वेडा टॅबलेट नाही, तू आहेस. अगं, घरच्या वाटेवर तू डहाळी आडवी टाकलीस! आपल्याकडे पुढे गेलेली बाई फाट्यावर डहाळी तोडून टाकते ती मागून येणारीसाठी. जिच्यावर डहाळी, त्या वाटेने आम्ही गेलो नाही, तू दुसरी धर, एवढाच तिचा अर्थ. मग वाडीतलं कोण डहाळी ओलांडून जाईल? तुझ्या बापाला बांधकामावर काम लागलं आणि तुम्ही शेलूला गेलात तेव्हा तू एवढीशी होतीस. तुला डहाळी आठवली, तिचं सांगणं विसरलीस. रागावले नाही, हसले. पण सुधार बाई, नाहीतर तुझ्या गेममुळे आख्खी वाडी रानात राहील.

दुसरी गोष्ट हसण्यासारखी नाही. तुला मी शोधून आणलेलं नाही. तू इतकी वर्षं तसं धरून चाललीस हे मला तुझ्या पत्रातूनच कळलं. मी आणि तुझा बाप ओढ्याच्या अंगाला हाका मारत फिरत होतो. तुला आणलं शेजारच्या चिंधीने, तीच ती चिंधीआजी, जी तू आलीस की तुझी ओंजळ करवंदांनी भरते. ती डहाळी तिनेच टाकलेली. सकाळी निघताना तिने तुम्हा पोरांना बजावलं होतं, की वाट चुकली तर डहाळी दिसेल तिथे बसायचं, उठायचं नाही, टाकणारी परत येते. संध्याकाळी तू सापडेनास तेव्हा ती कुणाला न विचारता आपल्या डहाळ्यांच्या मागाने उलटी गेली. एका डहाळीपाशी तू तापाने फणफणलेली बसलेली होतीस. घरी आणून तुला माझ्या मांडीवर दिलं आणि ती चुलीकडे गेली. सकाळी तू डोळे उघडलेस तेव्हा समोर मी.

तेव्हा माझं नाव काढ. दुसरीच्या वाट्याचे आभार मला पचायचे नाहीत.

वेळेवर जेवत जा. माया आहेच, ती काही मागून घ्यायला लागत नाही.

तुझी,
जयवंता आत्या

---

शेलू,
२ मे २०२४

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. चिंधीआजीकडून मी दर उन्हाळ्यात करवंदं खात आले, "गोड आहेत गं" म्हणत आले, आणि तिला एकदाही त्या दिवसाबद्दल काही म्हटलं नाही. ती तरी कधी बोलली? एका शब्दाने नाही.

डहाळी सुधारली आहे. तुझं नाव काढून तिचं घातलं आहे. पण आत्या, तिला वाचता येत नाही. पडद्यावर नाव छापून मी काय मिळवणार? ओमकार वाचेल, मुंबईपुण्याची पोरं वाचतील आणि जिचे आभार मानायचे तिला ती अक्षरं म्हणजे नुसत्या मुंग्या दिसतील. ते तिच्यापर्यंत पोचायला हवेत. म्हणून सुधारलेला गेम ओमकारच्या टॅबलेटवर घालून पाठवते आहे. चिंधीआजीला तो तिच्या हाताने खेळू दे. डहाळी आता बरोबर आहे, ती दुसरी वाट धरेल आणि कमळीला घरी नेईल. तेव्हा तू तिला सांग, की ही पोर म्हणजे भाग्यश्री आणि तिला घरी आणणारी तू. एवढं माझ्यासाठी कर.

नेहमीसारखी माया असू दे. तुझ्या मायेवर माझा जुना ताबा आहे.

तुझी,
भाग्यश्री

---

वरची वाडी, कशेळे
११ मे २०२४

चि. भाग्यश्री हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू सांगितलंस ते केलं, पण तुला हवं होतं तसं झालं नाही.

चिंधी हात धुऊन, पदराला पुसून बसली. टॅबलेट मांडीवर घेतला तो तान्हं मूल घ्यावं तसा. करवंदांची जाळी बघून खूश झाली, जाळी कुठली तेही तिने ओळखलं. कमळी हरवली. फाटा आला, डहाळी दिसली. चिंधीने हात मागे घेतला आणि ती बसून राहिली. मी म्हटलं, अगं मोकळ्या वाटेवर बोट लाव. तर म्हणते कशी, नाय गं, पोरगी हाय ती, तिला कशाला चालवू, डहाळी दिसलीया, बसू दे तिला, येतंय कुनीतरी.

मी समजावलं, पोरांनी समजावलं. ऐकेल तर चिंधी कसली! कमळी उभी, चिंधी बसलेली. शेवटी पडदा आपोआप मिटला. कुणीच आलं नाही. चिंधी रागावली नाही, पण टॅबलेट माझ्या हातात देताना तिचा चेहरा उतरला होता. म्हणाली, तुज्या भाचीच्या रानात मान्सं नायत काय?

तिचं खरंच आहे. तू त्या दिवशी कुठलीच वाट धरली नव्हतीस, बसली होतीस. तुझ्या गेममध्ये इतके शेवट आहेत, पण खरोखर झाला तो नाही. हे दुखवायला लिहीत नाही. तुला कळवायलाच हवं म्हणून लिहिते.

टॅबलेट जमालबरोबर परत पाठवते आहे. काय करायचं ते तू ठरव. काहीही ठरवलंस तरी माझा आशीर्वाद आहे.

तुझी,
जयवंता आत्या

---

शेलू,
१ जून २०२४

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आज गेम खुला व्हायचा होता. झाला नाही. पुढे ढकलला आहे आणि त्यावरून ओमकारशी माझं कडाक्याचं भांडण झालं.

मी त्याला म्हटलं, की डहाळीपाशी कुणी काहीच न करता बसलं तर त्याचाही एक शेवट हवा. तो म्हणाला, की खेळणाऱ्याने काहीच केलं नाही तर तो खेळ कसला? लोकांना वाटेल गेम अडकला आणि ते बंद करतील. त्याचं चूक नाही. आम्ही लोकांना वाटा निवडायला लावतो, तेच आमचं काम. मग मी त्याला तुझी दोन्ही पत्रं वाचायला दिली. चिंधीआजीच्या प्रश्नाशी येऊन तो थांबला. नंतर एवढंच विचारलं, की आजी चालते कशी. मी चालून दाखवलं, डाव्या पायावर किंचित झुकून, एक हात कमरेवर. तिची चाल त्याने स्वतः काढली आहे. मी ती पहिल्यांदा पडद्यावर बघितली आणि रडले, हे तुला लिहायला मला लाज वाटत नाही.

बसून राहायचं हे गेममध्ये आम्ही कुठेही सांगितलेलं नाही. ज्याला धीर आहे त्याला तो शेवट मिळेल. फार थोड्या लोकांना मिळेल आणि ते मला चालेल. टॅबलेट पुन्हा पाठवते आहे. यावेळी तिला काही समजावू नका.

मी जिवंत आहे याबद्दल कुणाचे आभार मानायचे हे मला तुझ्यामुळे कळलं. तू आलेला मान परत केलास, ते सगळ्यांना जमत नाही. अशीच माझा कान धरणारी राहा.

तुझी,
भाग्यश्री

---

वरची वाडी, कशेळे
९ जून २०२४

चि. भाग्यश्री हिस,
आत्याचे आणि आज चिंधीचेही आशीर्वाद. वि. वि.

चिंधीने पुन्हा हात धुतले. फाटा आला, डहाळी आली, तिने हात मांडीवर ठेवले. यावेळी कमळीही डहाळीपाशी खाली बसली, ते बघून चिंधीला बरं वाटलं. यावेळी आम्ही कुणी समजावलं नाही. पडद्यावर सावल्या लांबल्या, पाखरं घरट्यांत गेली. कमळी चुळबुळ करायला लागली की चिंधी तिला हळूच म्हणायची, बस गं, बस.

मग वळणावरून एक बाई आली. डाव्या पायावर झुकलेली, हात कमरेवर. पोरं ओरडली, चिंधीआजी! त्या बाईने कमळीला पाठीवर घेतलं, तेव्हा चिंधीने टॅबलेट जवळ धरला. शेवटची ओळ मी मोठ्याने वाचली: चिंधीआजी, तू आलीस म्हणून मी आहे. भाग्यश्री. तिने ती मला पुन्हा वाचायला लावली. मग डोळे पुसले आणि म्हणाली, येनारच व्हते की, डहाळी मीच टाकलेली. पोरीला सांग, करवंदं संपली, पन तिच्यासाठी सुकवून ठेवलीत.

एक चूक मात्र तिने काढलीच. तुझी कमळी पाठीवर मुकाट असते. तू त्या दिवशी मुकाट नव्हतीस म्हणे. अंगात ताप, तरी सारखी मान वळवून विचारत होतीस, की आजी, आपली डहाळी तिथंच राहिली, ती उचलायची ना? आणि चिंधी तुला सांगत होती, राहू दे गं बाय, मागं अजून कुनी असंल.

हे एवढं त्यात घाल, मग खुला कर तुझा गेम. ओमकारला आमच्याकडे घेऊन ये. वाट चुकलात तर काय करायचं ते आता तुम्हाला माहीत आहे.

तुझी,
जयवंता आत्या