बरणीवरचं फडकं

उल्हासनगर, कॅम्प ४
१२ एप्रिल १९५४

तीर्थरूप तात्यांचे चरणी हेमचंद्रचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र बदलापूरला पोचेल तेव्हा मी सिकंदराबादच्या गाडीत असेन. समोर बसून सांगायचा धीर झाला नाही, म्हणून वृंदाताईच्या घरून लिहितो आहे. अंबरनाथच्या काडेपेटीच्या कारखान्यातली केमिस्टची नोकरी मी सोडली. सिकंदराबादेत एका गोवेकर गृहस्थांचा द्राक्षांची वाइन करण्याचा कारखाना आहे, तिथे रुजू होतो आहे.

तुम्ही गावच्या दारूबंदी समितीचे अध्यक्ष. माझ्यामुळे तुम्हाला काय काय ऐकून घ्यावं लागेल, ते मला कळतं. पण काड्यांच्या मसाल्याचा वास घेऊन घेऊन माझा जीव विटला होता. लहानपणी तुमच्या जांभळाच्या आंबट शिरक्याच्या बरणीला कान लावून मी आतली खदखद ऐकत बसायचो, आठवतं? रसाचं दुसरंच काहीतरी कसं होतं, याचं वेड मला तिथेच लागलं. आता माघार घेणार नाही. राग धरलात तरी नमस्काराचा स्वीकार व्हावा.

आपला,
हेम

उल्हासनगर, कॅम्प ४
२० जून १९५४

चि. हेम यास वृंदाताईचे अनेक आशीर्वाद.

तू गेलास आणि बोलणी मात्र मला खावी लागली! तात्यांनी तुझं पत्र वाचलं, घडी घालून पंचांगात ठेवलं आणि मला बजावलं की, तो धंदा सुटेपर्यंत त्यानं या घराची पायरी चढू नये. एरवी आवाज चढवतात तसा चढवला नाही, म्हणून मला जास्त भीती वाटली. तुझं नाव निघालं की उठून अंगणात जातात.

आई गेल्यानंतरची ही पहिलीच जांभळं. शिरका यंदा तात्यांनी एकट्यानंच घातला. मी मदतीला येते म्हटलं, तर नको म्हणाले. आमच्या शेजारचे सिंधी काका फाळणीआधी तिकडे सिंधमध्ये वकील होते, इथे पापड विकतात. त्यांना तुझी हकिगत सांगितली. त्यांच्या मते मनासारखा धंदा धरायला मिळालेला माणूस नशीबवान. तात्यांना हे ऐकवायला कोण जाणार? जेवणखाण वेळेवर करत जा, आणि बहिणीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
वृंदाताई

सिकंदराबाद
४ जुलै १९५४

ती. वृंदाताईस हेमचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून रात्रभर झोप लागली नाही. घर तुटेल असं मला वाटलं नव्हतं. तरीही परत येणार नाही. आलो तर जन्मभर तात्यांवर डूख धरेन, आणि ते मला नको आहे.

काम कष्टाचं आहे. पिंपं धुतो, द्राक्षं निवडतो, आणि चव पारखायला वाइनचा घोट तोंडात घोळवून थुंकून टाकतो. गिळत नाही. तात्यांचा विश्वास बसणार नाही, तू तरी ठेव. आमच्या मालकांना एकच धास्ती असते, पिंपाला वारा लागण्याची. वारा लागला की वाइनचा शिरका होतो आणि सगळी मेहनत फुकट जाते. शिरक्याचं नाव काढलं की मला आपली माजघरातली बरणी दिसते, आणि मग हातातलं काम थांबतं.

अशीच लिहीत राहा. तेवढाच आधार आहे.

तुझा,
हेम

बदलापूर
१२ सप्टेंबर १९५४

चि. हेम यास अनेक आशीर्वाद.

गौरींसाठी माहेरी आले ती अजून राहिलेच आहे. इथे एक चमत्कार चालला आहे. तात्यांचा शिरका यंदा आंबटच होत नाही! तुरट, गोडसर लागतो आणि घशाला ऊब देतो. पोटाला चांगला म्हणून तात्या तो समितीच्या बैठकीनंतर सर्वांना वाटीवाटीनं देतात. हल्ली बैठकीत कोणी भांडत नाही. हिंदुराव पाटील तर पोट दुखत नसतानाही दोनदा मागून घेतात.

बरणीवर आई फडकं बांधायची. यंदा चिलटं फार झाली म्हणून तात्यांनी ते काढून मेणकापड करकचून आवळलं. मध्यंतरी ते पुरीसारखं फुगलं होतं म्हणे. कुणा केमिस्टला विचारून बघ, असं तात्या काल मला म्हणाले. कुठल्या केमिस्टला, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. उत्तर थेट त्यांनाच लिही. आणि हसू नकोस.

तुझी,
वृंदाताई

सिकंदराबाद
१७ सप्टेंबर १९५४

तीर्थरूप तात्यांचे चरणी हेमचा शि. सा. न. वि. वि.

ताईनं विचारलं म्हणून लिहितो. रागावू नये. बरणीत शिरका झालेला नाही, वाइन झाली आहे. रसाची आधी वाइन होते, आणि तिला वारा लागला तरच पुढे शिरका होतो. आईच्या फडक्यातून वारा जायचा. मेणकापडानं तो अडवला. मी इथे जे पोटासाठी करतो, तेच तुमच्या हातून नकळत घडलं.

कृपा करून यापुढे कोणाला देऊ नये. मेणकापड काढून गेल्या वर्षीचा उरलेला थोडा शिरका त्यात घालावा आणि वर पातळ फडकं बांधावं. हळूहळू आंबेल. ही गोष्ट मी कोणाजवळ बोलणार नाही.

आपला आज्ञाधारक म्हणवत नाही, पण आपलाच,
हेम

बदलापूर
५ नोव्हेंबर १९५४

चि. हेमचंद्र यास तात्यांचे अनेक आशीर्वाद.

तू बोलणार नाहीस, पण मला गप्प बसवेना. समितीपुढे उभा राहून सगळं सांगितलं आणि राजीनामा ठेवला. तो कोणी घेतला नाही. हिंदुरावांनी तेवढी चौकशी केली की बरणीतलं सगळंच आंबलं का. सगळंच आंबलं आहे. तू लिहिलंस तसंच झालं.

तुझा धंदा मला पटलेला नाही आणि पटेल असं वाटत नाही. पण मी अध्यक्ष असून वाटी पुढे करत होतो, आणि तू त्या धंद्यात राहून ती खाली ठेवायला सांगितलीस. पायरीबद्दल बोललो ते शब्द मी मागे घेतो.

इतकी वर्षं तुझी आई ते फडकं बांधत होती. का, ते मी तिला कधी विचारलं नाही. बरणीवर आत्ता साधा रुमाल आहे. तिच्या जुन्या लुगड्याचा तुकडा पेटीतून काढून ठेवला आहे. जांभळं पिकली की रजा घेऊन ये. तो तू बांध.

वाट पाहतो.

तात्या